सात दिवस उरले होते : तेरावी व्हरमाँट, नऊ महिन्यांची पलटण

रानवाट

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर, हॅनकॉक अॅव्हेन्यूवर, ब्राँझचा एक लेफ्टनंट उभा आहे. हातात तलवार आहे आणि पायाशी कुऱ्हाड पडलेली आहे. छावणीत सरपण फोडायला वापरतात तसली, आखूड दांड्याची. पहिल्यांदा गेलो तेव्हा पायांकडे माझं लक्षच गेलं नाही, फोटो काढून पुढे निघालो. घरी येऊन फोटो मोठा करून बघताना कुऱ्हाड दिसली आणि तेव्हापासून ही पलटण माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

पलटणीचं नाव तेरावी व्हरमाँट. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेली, फक्त नऊ महिन्यांच्या मुदतीची. ४ ऑगस्ट १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकनने ३ लाख माणसं नऊ महिन्यांसाठी मागितली. त्याच्या महिनाभर आधी तीन वर्षांसाठी ३ लाख मागून झाले होते, आणि खेड्यांतून तेवढे तरुण निघेनात. व्हरमाँट तर छोटं, डोंगराळ, शेतकऱ्यांचं राज्य. तरी तिथून नऊ महिन्यांच्या पाच पलटणी उभ्या राहिल्या, बारावी ते सोळावी. मिळून जवळजवळ पाच हजार माणसं.

तेरावीत वॉशिंग्टन, चिटेंडन, लामॉइल आणि फ्रँकलिन या परगण्यांतली पोरं होती. एका गावची, आसपासच्या वाड्यांची मुलं एकाच कंपनीत, आणि कॅप्टन-लेफ्टनंट कोण हे त्यांनीच मतं देऊन ठरवलेलं. कर्नल होता फ्रान्सिस रँडल. १० ऑक्टोबर १८६२ ला ब्रॅटलबरो गावी पलटण सैन्यात दाखल झाली. त्या तारखेपासून नऊ महिने मोजले की १० जुलै १८६३ येते. ही तारीख लक्षात ठेवा.

पुढचे आठ महिने लिहिण्यासारखं थोडं आहे. राजधानीच्या दक्षिणेला, ऑकोक्वान नदीच्या परिसरात पहारा, कवायत, चिखल आणि पुन्हा पहारा. टायफॉइड, गोवर, न्यूमोनिया. पूर्ण मुदतीचा हिशोब मांडला तर या पलटणीची माणसं गोळीपेक्षा तापाने जास्त मेली. मार्च १८६३ मध्ये या पाच पलटणींच्या ब्रिगेडचा तरुण जनरल स्टाउटन याला दक्षिणेच्या मॉस्बीने रात्री बिछान्यातून उचलून नेलं. सोबत मोजकी तीसेक माणसं घेऊन मॉस्बी फेअरफॅक्स कोर्टहाउस गावात शिरला आणि जनरलला कैदी करून निघून गेला. जनरलच्या पलटणी तेव्हा गावाबाहेर दूर पसरलेल्या होत्या, दोष त्यांचा नव्हता, पण बोल त्यांनाच लागला. जुने शिपाई या ब्रिगेडला ‘कागदी कॉलरवाले’ म्हणायचे. नवे कपडे, स्वच्छ छावणी, आणि लढाई एकही नाही.

एप्रिलमध्ये जॉर्ज स्टॅनर्ड नवा जनरल म्हणून आला. २५ जूनला हुकूम सुटला : दक्षिणेच्या जनरल लीचं सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरलंय, निघा. सात दिवसांची वाटचाल, कडक उन्हाळा, अंगावर लोकरीचे कपडे. रांग सोडायची नाही म्हणून वाटेतल्या विहिरींवरसुद्धा पहारे बसवलेले. अशाच एका विहिरीशी के कंपनीचा लेफ्टनंट स्टीफन ब्राउन पहारेकऱ्याला न जुमानता गेला आणि आपल्या माणसांच्या बाटल्या भरून आणल्या. त्यासाठी त्याला अटक झाली, तलवार काढून घेतली गेली. गेटिसबर्गला पोचल्यावर अटक उठली, पण तलवार मागे राहिली होती. लढाईला मोकळ्या हाताने कसं जायचं, म्हणून त्याने छावणीतली कुऱ्हाड उचलली.

स्मारकाच्या वेळी, १८९९ च्या सुमारास, त्याच्या सोबत्यांना पुतळ्याच्या हातात कुऱ्हाडच हवी होती. रणभूमीचा कारभार बघणाऱ्या सरकारी मंडळाने नकार दिला, हुकूम मोडणाऱ्याचा तो गौरव होईल म्हणून. शेवटी तलवार हातात आणि कुऱ्हाड पायाशी, अशी तडजोड झाली. माझ्या मते त्या म्हाताऱ्या शिपायांचं म्हणणं बरोबर होतं.

लढाईचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, हात दुखले.

मिरगसर

वाचतेय. पुढचं लवकर लिहा. तोवर दोन शंका. नऊच महिने का, सहा किंवा बारा का नाही? आणि शेतकऱ्यांची मुलं ऑक्टोबरात गेली तर मागे शेतीचं काय झालं?

रानवाट

ताई, नऊचा आकडा कायद्यातून आला. १७९५ च्या जुन्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्षाला राज्यांचं मिलिशिया, म्हणजे नागरिकांची राखीव फौज, फक्त तीन महिने वापरता यायचं. म्हणून एप्रिल १८६१ मध्ये पहिली ७५ हजार माणसं तीन महिन्यांसाठीच बोलावली गेली. तीन महिन्यांत काय होतं ते सगळ्यांनी बघितलं, तेव्हा १७ जुलै १८६२ च्या नव्या कायद्यात ती मर्यादा नऊ महिन्यांवर नेली.

शेतीबद्दल तुमचा प्रश्न अगदी मर्मावर आहे. ऑक्टोबर म्हणजे पिकं घरात आलेली. हिवाळ्यात तिथे बर्फ, शेतात काम नाही. मार्च-एप्रिलमध्ये मेपलच्या झाडांचा रस काढून साखर करायचा हंगाम आणि मग पेरणी, हे दोन्ही बायका-म्हाताऱ्यांनी निभावायचं. जुलैत गवतकापणीला पोरगा घरी. गवत हे तिथलं जीव की प्राण, कारण पुढचा सगळा हिवाळा जनावरं त्यावर काढायची. म्हणून नऊ महिने माणसाला कबूल करता येत होते आणि तीन वर्षं येत नव्हती. पगारही बघा. शिपायाला केंद्र सरकारचे महिना १३ डॉलर, वर व्हरमाँट राज्य स्वतःच्या तिजोरीतून ७ डॉलर घालायचं.

आता लढाई.

१ जुलैच्या संध्याकाळी ब्रिगेड गेटिसबर्गला पोचली. ज्या पहिल्या कोअरमध्ये (अनेक ब्रिगेडींची मोठी तुकडी) तिला जायचं होतं, त्या कोअरचा जनरल रेनल्ड्स सकाळीच मारला गेला होता. बारावी आणि पंधरावी सामानाच्या गाड्यांच्या राखणीला पाठवल्या गेल्या, प्रत्यक्ष आघाडीवर राहिल्या तेरावी, चौदावी आणि सोळावी.

२ जुलैच्या संध्याकाळी आघाडीच्या मध्यावर भगदाड पडलं आणि तोफा शत्रूच्या हाती गेल्या. उत्तरेच्या जनरल हॅनकॉकने रँडलला विचारलं, त्या परत आणता येतील का. रँडलजवळ तेव्हा अर्धीच पलटण, पाच कंपन्या होत्या. तो घोड्यावरून पुढे झाला, घोड्याला गोळी लागली आणि रँडल घोड्याखाली अडकला. शिपायांनी त्याला ओढून काढलं आणि तो पायीच पुढे धावला. गेलेल्या चार तोफा परत आणल्या, वर शत्रूच्या दोन घेतल्या. या कामासाठी ए कंपनीच्या कॅप्टन जॉन लॉनर्गनला पुढे मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. हा आयर्लंडहून आलेला माणूस, आणि त्याच्या कंपनीत आयरिश बरेच. आठ महिने नुसता पहारा केलेल्या पलटणीची ही पहिली खरी लढाई, हे विसरू नका.

३ जुलैला दुपारी एकच्या सुमारास तोफांचा मारा सुरू झाला. तेरावी मुख्य आघाडीच्याही थोडी पुढे, कुंपणाचे वासे रचून त्याआड पालथी पडलेली. मारा थांबला आणि दक्षिणेच्या पिकेटची डिव्हिजन शेतातून चालत निघाली. ती व्हरमाँटवाल्यांच्या समोर आली आणि मग स्वतःच्या डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे, तिरकी सरकू लागली. त्यामुळे तिच्यातल्या केंपरच्या ब्रिगेडची उजवी बगल उघडी पडली. स्टॅनर्डने तेरावीला उजवीकडे वळवून त्या बगलेसमोर उभं केलं, सोळावी धावत तिच्या डाव्या अंगाला आली, आणि अगदी जवळून मारा सुरू झाला. नंतर दक्षिणेच्या विलकॉक्स आणि लँगच्या ब्रिगेडी पुढे आल्या तेव्हा कर्नल व्हीझीने सोळावी उलटी फिरवून, चौदावीच्या काही कंपन्यांसह, त्यांच्याही बगलेवर घातली.

नुकसान असं. तेरावी : १० ठार, १०३ जखमी, १० बेपत्ता. चौदावी : १९, ७६ आणि १२. सोळावी : १६, १०२ आणि १.

मुदत संपायला तेव्हा सात दिवस बाकी होते. या पोरांना दिवस तोंडपाठ असणार. गवत उभं असणार, पत्रं येत असणार. तीन वर्षांच्या शिपायाला उद्याचा भरवसा नसतो, त्यामुळे तो आजचं बघतो. ज्याला घर सात दिवसांवर दिसतंय, त्याने उभं राहून वळायचं, हे मला जास्त अवघड वाटतं. सगळा धागा मी या एका गोष्टीसाठी काढला आहे.

सुभेदार

मी पायदळात चोवीस वर्षं काढली. तुम्ही ‘उजवीकडे वळवून’ असं एका ओळीत लिहून गेलात, त्यावर थोडं थांबतो.

पलटण एका सरळ रेषेत आहे, दोन रांगांत. तिला काटकोनात फिरवायचं म्हणजे उजव्या टोकाची कंपनी खुंट्यासारखी जागेवर राहते आणि बाकीच्या एकेक करून तिच्या रेषेत येऊन लागतात. डाव्या टोकाच्या कंपनीला सगळ्यात लांब चालावं लागतं. मैदानावर, बूट चमकवून, सकाळच्या थंडीत हे करतानाही नवखी पलटण फाटते. मध्ये भोकं पडतात, कोणी पुढे जातो, कोणी शेजाऱ्याच्या खांद्यावर आदळतो. इथे धुरात, तोफा चालू असताना, पायाखाली माणसं पडलेली असताना ते जमलं. असं आयत्या वेळी जमत नसतं. आठ महिने लोकांनी ज्या कवायतीला हसून घेतलं ती इथे कामी आली.

सोळावीचं तर त्याहून कठीण. एकदा गोळीबार सुरू केलेली पलटण थांबवायची, पाठ फिरवायची आणि नव्या शत्रूवर न्यायची. व्हीझीला त्यासाठी मेडल ऑफ ऑनर मिळालं ते योग्यच.

अडगळीतला

धागा छान आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. व्हरमाँटची पहिली ब्रिगेड, दुसरी ते सहावी पलटण, १८६१ पासून तीन वर्षांच्या बोलीवर लढत होती. विल्डरनेसच्या लढाईत त्यांची अक्षरशः चाळण झाली. नऊमाही लोकांनी एक लढाई केली आणि पुतळे उभे राहिले. शिवाय केंपरची ब्रिगेड तिथे पोचेपर्यंत तोफांनी बरीच कापली गेली होती. दुसऱ्या टोकाला आठव्या ओहायोने अशीच बगल मारली, ती तीन वर्षांवाली पलटण होती, तिचं नाव कोण घेतं?

रानवाट

आठव्या ओहायोचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. आकार लहान, आणि शत्रूच्या डाव्या बगलेवर तेच काम. पहिल्या ब्रिगेडच्या बलिदानाशी तुलना करायचा तर माझा विचारही नाही.

पण ‘एक लढाई’ हा शब्द मला पटत नाही. बोली जेवढी होती तेवढी त्यांनी पाळली. लढाई कधी येणार हे शिपाई ठरवत नाही. आणि मुदत संपल्यावर सगळे घरी बसले नाहीत. रँडलच १८६४ मध्ये सतराव्या व्हरमाँटचा कर्नल झाला, ती तीन वर्षांची पलटण होती. कुऱ्हाडवाला ब्राउन तिथे कॅप्टन होऊन गेला आणि तुम्ही म्हणता त्याच विल्डरनेसमध्ये, मे १८६४ मध्ये, त्याने एक हात गमावला. तो पुढे शिकागोत वकिली करत होता.

श्रेयावरून वाद तेव्हाही झाला. वळायचा हुकूम आपला असं हॅनकॉकचं म्हणणं, स्टॅनर्डने तो आधीच दिला होता असं व्हरमाँटवाल्यांचं. मला स्टॅनर्डची बाजू खरी वाटते, कारण तो जागेवर उभा होता. हॅनकॉक त्याच्याशी बोलायला आला आणि तिथेच त्याच्या मांडीत गोळी घुसली. स्टॅनर्डच्या दोन अधिकाऱ्यांनी, बेनेडिक्ट आणि हुकर यांनी, त्याला घोड्यावरून हातांवर झेललं. स्टॅनर्डने स्वतः रुमाल बांधला आणि पिस्तुलाची नळी त्यात घालून पीळ दिला, रक्त थांबेपर्यंत.

मिरगसर

तो रुमाल डोळ्यांपुढून जात नाही.

कोरडवाहू

मुदतीवरून आठवलं. २१ जुलै १८६१, बुल रनची लढाई. चौथ्या पेनसिल्व्हेनियाचे तीन महिने आदल्या दिवशी संपले होते. उत्तरेचा सेनापती मॅकडॉवेल याने थांबायची विनंती केली, त्यांनी ऐकलं नाही. सकाळी सैन्य लढाईला निघालं आणि ही पलटण शत्रूच्या तोफांचा आवाज पाठीशी ठेवून घराकडे निघाली. मॅकडॉवेलने ते आपल्या अहवालात लिहून ठेवलं आणि तो डाग कायमचा राहिला. त्यांचा कर्नल हार्टरँफ्ट मात्र गेला नाही. दुसऱ्यांच्या हाताखाली राहून लढला, पुढे त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं आणि तो पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नरही झाला. आणि परत गेलेल्यांतले कितीतरी जण त्याच्याच नव्या पलटणीत, एकावन्नाव्या पेनसिल्व्हेनियात, तीन वर्षांसाठी भरती झाले. त्यामुळे त्यांना पळपुटे म्हणायला माझी जीभ धजत नाही. करार पुरा झाला होता, घरी जायचा त्यांना हक्क होता.

दुसरी गोष्ट सत्ताविसाव्या मेनची. हीसुद्धा नऊ महिन्यांची, राजधानीच्या राखणीला होती. जून १८६३ च्या अखेरीस मुदत संपली, आणि नेमका लीचा मोर्चा उत्तरेकडे. लिंकन आणि युद्धमंत्री स्टँटन यांच्याकडून विनंती आली की थोडे दिवस थांबा. पंचविसाव्या मेनने नाही म्हटलं. सत्ताविसाव्यातले तीनशेच्या वर लोक थांबले, बाकीचे गेले. गेटिसबर्ग संपल्यावर थांबलेलेही घरी निघाले. स्टँटनने थांबणाऱ्यांना मेडल ऑफ ऑनर कबूल केलं होतं, पण कोण थांबलं याची धड यादीच नव्हती. मग सगळ्या पलटणीला, ८६४ जणांना, पदकं काढली गेली. १९१७ मध्ये सैन्याने जुनी पदकं तपासून ९११ रद्द केली, त्यांत ही ८६४.

अडगळीतला

हे माहीत नव्हतं. म्हणजे जे खरंच थांबले त्यांचंही पदक गेलं?

कोरडवाहू

हो, त्यांचंही गेलं.

पुस्तकवेडी

रानवाट, शेतीचं कॅलेंडर वाचून आपल्याकडचं आठवलं. दसऱ्याला शिलंगण करून मोहिमेवर निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी यायचं, हे आपल्या शेतकरी शिपायाचंही गणित होतं. हंगाम उलटसुलट असेल, पण शेताची ओढ तीच. आणि या युद्धाचा आपल्याकडचा थेट धागा म्हणजे कापूस. दक्षिणेचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा बाजार कोसळला. माझ्या आजोळी कपाशीच होती, त्यामुळे हे फार जवळचं वाटतं.

रानवाट

याला एक जोड देतो. कापूस अडला तसा तिकडे उत्तरेत लोकरीचा भाव चढला, कारण सैन्याला गणवेश आणि कांबळी लोकरीची लागत. व्हरमाँट तेव्हा मेरिनो मेंढ्यांसाठी नावाजलेलं होतं. म्हणजे तेरावीतला पोरगा ऑकोक्वानच्या चिखलात पहारा देत असताना घरी त्याच्या मेंढ्यांची लोकर महाग होत होती, आणि त्याच वेळी वऱ्हाडातला शेतकरी कपाशी वाढवत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

लढाईनंतरचं राहिलं, ते सांगतो. पावसात भिजत लीचा पाठलाग, पुन्हा डोंगर, पुन्हा चिखल. मेरीलँडमध्ये असतानाच तेरावीला घरी जायची परवानगी मिळाली. जिथून निघाले त्याच ब्रॅटलबरोला २१ जुलै १८६३ ला पलटण मोडली. कोरडवाहूंनी बुल रनची तारीख दिली म्हणून आत्ता लक्षात आलं, बरोबर दोन वर्षांनी, त्याच दिवशी. चौथी पेनसिल्व्हेनिया आदल्या दिवशी मुदत संपली म्हणून परतली होती, तर तेरावी मुदतीवर आणखी अकरा दिवस अंगावर काढून.

सुभेदार

स्टॅनर्डचं पुढे काय झालं?

रानवाट

३ जुलैला त्याच्याही मांडीत गोळीचा तुकडा घुसला, पण लढाई संपेपर्यंत तो हलला नाही. सप्टेंबर १८६४ मध्ये फोर्ट हॅरिसनला उजवा हात गेला. गेटिसबर्गला व्हरमाँट राज्याचा उंच स्तंभ आहे, त्यावर तोच उभा आहे. गेटिसबर्गच्या दिवशी त्याचे दोन्ही हात शाबूत होते, पुतळ्याला मात्र उजवा हात नाही. नंतर गेलेला हात शिल्पकाराने आधीच वजा केला. पहिल्यांदा हे मला खटकलं होतं. आता खटकत नाही, त्याच्या माणसांनी त्याला म्हातारपणी तसाच पाहिला होता.

मिरगसर

आम्ही ऑक्टोबरात फिलाडेल्फियाला बहिणीकडे जाणार आहोत. गेटिसबर्गला एकच दिवस मिळेल. तेरावीसाठी नेमकं कुठे जायचं?

रानवाट

ताई, झाडांच्या प्रसिद्ध झुबक्यापाशी, कॉप्स ऑफ ट्रीज म्हणतात तिथे, गाडी लावा. तिथून हॅनकॉक अॅव्हेन्यूने दक्षिणेकडे चालत या. पाच-सात मिनिटांत व्हरमाँटचा स्तंभ दिसेल, तेरावीचं स्मारक तिथून जवळच आहे. रस्त्यावरून परत फिरू नका. स्मारकाच्या पुढे पश्चिमेकडच्या शेतात थोडं उतरा, मग उजवीकडे वळून झाडांच्या झुबक्याकडे तोंड करा. केंपरची बगल तिथे होती. किती जवळ होती ते पायांना कळेल. आणि परत येताना त्या लेफ्टनंटच्या पायाशी बघा, कुऱ्हाड जमिनीच्या बाजूला, बुटाला लागून आहे. पाणी सोबत ठेवा, त्या उतारावर कुठे सावली नाही.